विषय : बंद कारंजे

मुख्य चौकातलं कारंजं अकरा वर्षं बंद होतं आणि त्यावाचून कुणाचंही काही अडलेलं नव्हतं. मधोमध सिमेंटचे तीन मासे तोंडं वर करून उभे, त्यांच्याभोवती खोलगट बशीसारखा मोठा गोल हौद, आणि हौदाला गुडघ्याएवढा काठ. एका बाजूला बँक, दुसऱ्या बाजूला चष्म्याचं दुकान, समोर पालिकेची इमारत. दुपारी ऑफिसातली माणसं काठावर बसून डबा खात आणि कागद हौदात टाकून जात. एवढाच त्याचा उपयोग.

माझी नातही अकरा वर्षांची. म्हणजे त्या माशांच्या तोंडातून पाणी उडताना तिनं कधी पाहिलेलंच नव्हतं. ती एका जागी उभी राहत नाही म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणतात. एकदा चष्म्याचा नंबर तपासायला तिला चौकात नेलं, तर दुकानात शिरायचं सोडून ती हौदाच्या काठावर चढली.

"आजोबा, हे कारंजं नाहीच आहे. हे स्केटबोर्डसाठी बांधलंय. कुणीतरी चुकून मध्ये मासे ठेवलेत."

हसू नका. तिच्या दृष्टीनं ते शंभर टक्के खरं होतं. ती आणि तिच्यासारखी सात-आठ मुलं वर्षभर त्या चाकांच्या फळ्या बगलेत मारून वणवण फिरत होती. सोसायटीच्या वाहनतळातून त्यांना सेक्रेटरीनं हाकललं, शाळेच्या पटांगणातून शिपायानं, आणि फुटपाथवरून तर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकानं. सबंध शहरात त्यांना उभं राहायला जागा नव्हती, आणि इथे भर चौकात एक गुळगुळीत बशी रिकामी पडलेली.

पुढच्या रविवारी मुलांनी हौद झाडला. चार पोती कागद निघाला. मग मी काठावर वर्तमानपत्र टाकून बसलो आणि मुलं खेळायला लागली. एका बाजूनं खाली, दुसऱ्या बाजूनं वर, परत खाली. मी चौतीस वर्षं शाळेत भाषा शिकवली, पण असं काही डोळ्यासमोर चाललं असताना गप्प बसणं मला जमत नाही. "जेवढ्या उंचीवरून निघालात तेवढ्याच उंचीवर पलीकडे का पोचत नाही, सांगा बरं?" असं विचारलं, आणि सगळी मुलं फळ्या टाकून माझ्याभोवती गोळा झाली. काठावर खडूनं खुणा केल्या, चाकांना तेल घालून पुन्हा मोजलं, परत वाद घातला. वर्गात कधी इतकं शिकवल्याचं मला आठवत नाही.

हे तीन रविवार चाललं. चौथ्या रविवारी हौदाच्या काठावर एक मनुष्य शिट्टी घेऊन उभा होता.

"खाली उतरा सगळे. परवानगी आहे?"

पालिकेचा पहारेकरी. तक्रार आली म्हणून त्याला तिथे नेमलं होतं. तक्रार कुणाची हे विचारायचीही गरज नव्हती. चष्मेवाले दुकानाच्या दारात हाताची घडी घालून उभेच होते. चौकातला दिवा मिणमिणतो, कचऱ्याचा डबा वाकडा आहे, बँकेची पाटी डोळ्यांत खुपते, अशा तक्रारी लिहिणं हा त्यांचा जोडधंदा.

"मास्तर, खडखडाट होतो हो," ते म्हणाले. "माणूस अक्षरं वाचून दाखवत असतो आणि मागून खडखड खडखड. 'प'चा 'म' होतो."

मुलांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी ते वाक्य बोललो, ज्याचा मला पुढे दोन महिने पश्चात्ताप झाला.

"घाबरू नका. आपण रीतसर अर्ज करू. परवानगी मिळेपर्यंत कुणी हौदात उतरायचं नाही. माझा शब्द आहे, उन्हाळ्याची सुट्टी संपायच्या आत जागा तुमची."

अर्ज लिहिणं हा माझा हातखंडा. किती पिढ्यांना मी तो शिकवला! डावीकडे मायना, उजवीकडे तारीख, आणि विषय असा की वाचताक्षणी अर्ज कळावा. मुलांना भोवती बसवून, एकेक वाक्य त्यांच्याकडून काढून घेत, दीड पानांचा सुंदर अर्ज तयार केला. हौद रिकामा आहे, मुलं तो स्वच्छ ठेवतात, अभ्यासही होतो, खेळही होतो, तरी ही जागा स्केटबोर्डसाठी द्यावी. आणि डोक्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं : 'विषय – मुख्य चौकातील बंद कारंजे.'

"आजोबा, विषयात स्केटबोर्ड नको?" भिंगरीनं विचारलं.

"विषय थोडक्यात असावा बाळा. बाकीचं आत येतंच."

पालिकेत माझं स्वागत झालं. खुर्चीवर बसलेल्या मॅडम माझ्या जुन्या विद्यार्थिनी निघाल्या. उठून उभ्या राहिल्या, चहा मागवला. "सर, तुमचं अक्षर अजून तसंच आहे!" असं म्हणून अर्जावर शिक्का मारला. मी तरंगत घरी आलो.

सतरा दिवस मुलं रोज संध्याकाळी फळ्या मांडीवर घेऊन काठावर बसत. हौदात पाय नाही. मी सांगितलं होतं ना! शिट्टीवाल्यालाही त्यांची कीव यायला लागली. रोज एकच प्रश्न, "आजोबा, आली?" आणि रोज माझं एकच उत्तर, "सरकारी काम आहे, वेळ लागतो."

अठराव्या दिवशी सकाळी चौकात पालिकेची गाडी उभी राहिली. पाच माणसं, नळ, पाइप, सिमेंटची पोती. भिंगरी धापा टाकत घरी आली. "आजोबा, सुरू झालं! आपली जागा करायला आलेत!"

मी सगळ्यांना घेऊन चौकात गेलो. म्हटलं, काम कसं चालतं ते मुलांना दाखवू. दोन दिवस आम्ही ते काम पाहिलं. त्यांनी मोठ्ठा पाइप आत घालण्यासाठी काठाचा एक तुकडा फोडला, तेव्हाही मी मुलांना म्हणालो, "आत-बाहेर जायला वाट करत असतील." तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्यातल्या एकानं खाली वाकून चावी फिरवली. आधी माशांनी खाकरल्यासारखा आवाज काढला. मग गंजाचं लाल पाणी. आणि मग तीनही मासे भळाभळा वाहायला लागले.

आजूबाजूच्या ऑफिसांतली माणसं खिडक्यांत आली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मुलं फळ्या छातीशी धरून उभी होती आणि पाणी हौदात चढत होतं.

दुसऱ्या दिवशी पत्र आलं. 'आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे. सहकार्याबद्दल आभार.'

मी तडक पालिकेत गेलो.

"अगं, मी कारंजं सुरू करा म्हटलंच नव्हतं!"

"सर, तुम्हीच लिहिलंत ना, बंद कारंजे?" मॅडमनी फाइल काढली. "माझ्याकडे दिवसाला दोनशे कागद येतात. मी विषय बघते आणि त्या त्या खात्याकडे पाठवते. बंद कारंजं म्हणजे पाणीखातं. तुमचा कागद बघून मी स्वतः मागे लागले सर. अकरा वर्षांत नाही ते तीन आठवड्यांत झालं."

"पण आत दीड पान लिहिलंय! ते कुणी वाचलंच नाही?"

त्या थोड्या दुखावल्या. "तुम्हीच शिकवलं होतं सर. विषय वाचला की अर्ज कळला पाहिजे. मी अजून तेच करते."

आपलाच खडू आपल्याच डोळ्यात. मी कपाळ पुसलं आणि शांतपणे म्हणालो, "बरं, आता नवा अर्ज देतो. ते बंद करून जागा मुलांना द्या."

"आता कसं होईल सर? चालू मालमत्ता बंद करता येत नाही. बंद असती तर देता आली असती."

"बंदच होती!"

"हो, पण मग तुम्ही तक्रार केलीत."

मी चौतीस वर्षं वर्गात आवाज चढवला नाही. त्या दिवशी जिन्यात उभा राहून भिंतीशी चढवला.

तरी नवा अर्ज दिला. विषयात या खेपेस सगळं घातलं : 'मुख्य चौकातील कारंज्याचा हौद मुलांना स्केटबोर्ड खेळण्यास देण्याबाबत विनंती.' उत्तर आलं : 'आपल्या विनंतीची नोंद घेऊन ती योग्य त्या विभागाकडे वर्ग करण्यात आली आहे.' योग्य तो विभाग कोणता, हे विचारायला मी तीन वेळा गेलो. बागखातं म्हणालं, काठ आमचा, हौद नाही. रस्तेखातं म्हणालं, भोवतालची फरशी आमची. पाणीखातं म्हणालं, आम्ही फक्त मासे बघतो.

मुलांनी आता काठावर बसणंही सोडलं. जेवताना मी भिंगरीला म्हणालो, "उद्या स्मरणपत्र लिहू या का आपण?" तर ती म्हणाली, "तुम्ही लिहा आजोबा. मला गृहपाठ आहे." सुट्टीत कसला गृहपाठ!

मग एक गोष्ट घडली. तीन माशांपैकी एकाचं तोंड फुटकं होतं. त्याचं पाणी वर न जाता तिरकं उडायचं, आणि वारा सुटला की थेट चष्म्याच्या दुकानाच्या काचेवर. आत मांडलेल्या सगळ्या चष्म्यांवर ठिपके. चष्मेवाल्यांनी तीन दिवस काचा पुसल्या आणि चौथ्या दिवशी तक्रार लिहिली. पुढच्या चार दिवसांत कारंजं बंद!

मी थक्क झालो. मला तीन खात्यांचे जिने झिजवून जे जमलं नाही, ते या गृहस्थांनी अर्ध्या पानात केलं. पण हौद अजून पाण्यानं भरलेला. त्यांनी दुसरी तक्रार लिहिली, डास होतात. तिसऱ्या दिवशी हौद कोरडा. वर फिनाइल टाकून धुतलेला.

बातमी मुलांना माझ्याआधी कळली. सकाळी शिट्टीवाला यायच्या आत ती हौदात उतरलीसुद्धा. परवानगीचं नाव कुणी काढलं नाही, आणि खरं सांगतो, मीही काढलं नाही. अर्धा तास सगळं पहिल्यासारखं झालं. मग भिंगरी वेगात वर आली ती नेमकी पाइपसाठी फोडलेल्या काठापाशी. गुडघा सोलला, चष्म्याची काडी तुटली. तेवढ्यात शिट्टी वाजली आणि पुन्हा सगळ्यांची हकालपट्टी.

मी संध्याकाळी स्मरणपत्र लिहायला बसलो. भिंगरी चष्मा दुरुस्त करून घ्यायला गेली होती. तासभर झाला, दीड तास झाला, म्हणून मी पाहायला गेलो. दुकानात शिरलो आणि दारातच थांबलो.

भिंगरी उंच स्टुलावर बसली होती, गुडघ्याला पट्टी बांधलेली. तिच्या हातात पेन. आणि समोर चष्मेवाले, भिंगातून तिच्या कागदाकडे बघत तिला मजकूर सांगत होते.

"विनंती शब्द खोड. पहिला तो खोड."

"पण आजोबा म्हणतात नम्रपणे लिहावं."

"नम्रपणेच लिही. पण विनंती नको. विनंतीला ते नोंद घेतली म्हणतात आणि फाइल बांधून ठेवतात. तक्रार आली की त्यांना दिवस मोजावे लागतात. निवारण झालं असं लिहावं लागतं. काय खुपतंय तेवढं सांग."

एखाद्या मास्तराचं मूल शेजारच्या घरी शिकवणीला जाताना दिसावं, तसं मला झालं. मी खाकरलो.

"या मास्तर, या," चष्मेवाले अजिबात न गडबडता म्हणाले. "तुमच्या नातीचं अक्षर चांगलं आहे. तुम्ही बिघडवलंय फक्त वळण."

"तुमच्यामुळेच हाकललं मुलांना," मी म्हणालो. माझा संयम तोपर्यंत तळाला गेला होता. "तुम्ही आधी त्यांच्याविरुद्ध लिहिलंत आणि आता त्यांच्यासाठी?"

"मी कुणाच्या विरुद्ध लिहीत नाही. मला खुपतं ते लिहितो. खडखडाट खुपला, लिहिलं. पाणी त्याहून खुपलं, लिहिलं. त्या पाण्यानं माझे डोळे उघडले म्हणा ना." मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "पोरीच्या गुडघ्यातून केवढं रक्त आलं बघा. तो काठ पालिकेनं फोडला. हे खुपण्यासारखं नाही?"

मी भिंगरीच्या हातातला कागद घेतला. 'विषय : चौकातील स्केटबोर्डच्या जागेचा काठ तुटल्याने मुलांना इजा होत असल्याबाबत तक्रार.'

"पण ती जागा स्केटबोर्डची झालेली नाही अजून," मी म्हणालो. "हे खोटं आहे. खोटं लिहायचं नाही, भिंगरी."

तिनं मान खाली घातली. चष्मेवाल्यांनी भिंग खाली ठेवलं. "झालं! आता पुन्हा दीड पान लिहा."

मी स्टुलाशेजारी बसलो. तो कागद पुन्हा वाचला. काठ तुटला, हे खरं. इजा झाली, हे तर समोर पट्टी बांधून बसलेलं. मुलं तिथे खेळतात, हेही खरंच, नाहीतर शिट्टीवाला कुणाला हाकलायला ठेवलाय? मी खिशातलं पेन काढलं आणि विषय बदलला : 'मुले स्केटबोर्ड खेळतात त्या चौकातील हौदाचा काठ पालिकेच्या कामात तुटल्याने इजा झाल्याबाबत तक्रार.'

"आता शब्दन् शब्द खरा आहे," मी म्हणालो.

चष्मेवाल्यांनी वाचलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे आदरानं पाहिलं. "'पालिकेच्या कामात' हे झकास घातलंत हो मास्तर. अंगात आहे तुमच्या." मग त्यांनी ड्रॉवरमधून स्वतःसाठी एक कागद काढला. "माझीही एक तक्रार जोडतो. मी दुपारी दोन ते चार आत जरा लवंडतो. त्या वेळात हौदात खेळ होऊ नये अशी."

"आणि बाकीच्या वेळात?" भिंगरीनं विचारलं.

"बाकीच्या वेळाबद्दल माझी तक्रार नाही. असं स्पष्ट लिहितो."

दोन्ही कागद भिंगरीनं स्वतः नेऊन दिले. मी आत गेलो नाही, फाटकाबाहेर थांबलो. मला पाहून मॅडमना पुन्हा जुनं शिकवलेलं आठवायला नको.

नवव्या दिवशी मॅडमचा फोन आला. आवाज गोंधळलेला. "सर, चौकात स्केटबोर्डचं मैदान कधी झालं हो? माझ्या यादीत नाही."

"मुलं खेळतात तिथे," मी म्हणालो. "कागदात लिहिलंय तेवढंच मला माहीत."

"काठ आमच्या माणसांनी फोडला हे खरं आहे. मी बघून आले. इजा झाल्याची तक्रार म्हणजे सात दिवसांत निवारण, आणि दोन दिवस उशीर झालाय." कागद उलटल्याचा आवाज आला. "दुरुस्ती करायची तर जागेला नाव लागतं. नाव नसेल तर दुरुस्ती कशाची केली म्हणून मलाच विचारतील. आणि त्या चष्मेवाल्यांची वेळेची तक्रार, तिचं निवारण पाटी लावल्याशिवाय होत नाही. मग मी यादीत नावच घालून टाकलं, सर. चालेल ना?"

"चालेल," मी म्हणालो. एवढंच. या खेपेस मी एक शब्द जास्त बोललो नाही.

काठ बांधला, वर रबराची पट्टी बसवली. मासे काढून बागखात्यानं नेले, कारण पाणीखातं म्हणालं, पाणी नाही तर मासे आमचे नाहीत. सुट्टीचे सहा दिवस उरले होते, तेव्हा पाटी लागली. 'स्केटबोर्ड मैदान. दुपारी दोन ते चार बंद.' शिट्टीवाल्याची नेमणूक तशीच राहिली. तो आता आळीपाळीनं कोण उतरणार ते शिट्टी वाजवून सांगतो आणि मुलांपेक्षा त्यालाच जास्त मजा येते. चारच्या ठोक्याला चष्मेवाले डोळे चोळत दारात येतात आणि म्हणतात, "हं, करा काय गोंगाट करायचा तो."

पहिल्या दिवशी भिंगरी सगळ्यांत आधी उतरली. मासे नव्हते, त्यामुळे ती हौदाच्या मधून सरळ गेली, पलीकडे वर चढली, आणि मी खडूनं नव्यानं केलेल्या खुणेपासून वीतभर खाली थांबली. "आजोबा, बघा, अजून कमी पडतं!" ती ओरडली.

"पडणारच," मी ओरडलो. "का ते सांग!"

घरी येऊन मी चांगला कागद काढला. पालिकेला आभाराचं पत्र लिहावं, एवढी रीत तर पाळायला हवी. मायना घातला, तारीख घातली आणि विषयापाशी थबकलो. भिंगरी मागे उभी राहून वाचत होती. दुरुस्त केलेला चष्मा नाकावर, गुडघ्यावर खपली.

"आजोबा, पाठवू नका."

"का? आभार मानायला काय हरकत आहे?"

"विषय आभार म्हणून ते कुठल्या खात्याकडे पाठवतील, माहितीये तुम्हाला?"

मी विचार केला. खरंच माहिती नव्हतं. पेनाला टोपण लावलं, कागदाची चारपदरी घडी घातली आणि खिशात ठेवून दिली.